तीनशे अकरा स्थळांची नक्कल

एकच प्रत असणं म्हणजे प्रत नसणंच, असं सावळीराम शेजवळांचं मत होतं. हे मत त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. कचेरीच्या नक्कल विभागात एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून, ती खुर्ची दोनदा वेतानं विणून घेऊन, मग ते मिळालं होतं.

नक्कल विभागाचं काम असं : कुणाला जुन्या दस्ताची नक्कल हवी असली की त्यानं अर्ज, कोरा कागद आणि भरपूर धीर घेऊन यायचं. सावळीराम दस्त उतरवून घेत. मग दुसरा कारकून मूळ दस्त मोठ्यानं वाचे आणि सावळीराम नकलेवर बोट फिरवत जात. याला रुजवात म्हणतात. रुजवात झाली की खाली सही : ‘नक्कल खरी असे.’ एकोणतीस वर्षांत त्यांची एक नक्कल चुकली नाही. एकदा एका दस्तावर पूर्वी कधीतरी मेलेला डास चिकटलेला होता. सावळीरामांनी नकलेत त्याच जागी शाईनं डास काढला, सहा पायांसकट. पुढं तो दावा वरच्या कोर्टात गेला आणि डासाच्या पायांवरून निकाली निघाला म्हणतात. मी तिथं नव्हतो. पण पाय सहाच होते, ते मी पाहिलेत.

तर अशा माणसाच्या हाती १९८८च्या एप्रिलात, निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, एक फ्लॉपी आली.

ही फ्लॉपी म्हणजे कागदी पाकिटातली काळी, लवलवणारी, चौकोनी वस्तू. तिच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखी एक खाच होती, आणि खाचेवर चांदीच्या रंगाची चिकटपट्टी. तिच्या पोटात तीनशे अकरा लग्नाळू मुलंमुली होती. नाशिक रोडच्या मंडळाचा बौद्ध वधू-वर परिचय मेळावा रविवारी भरायचा होता आणि ही त्याची यादी होती. मागल्या वर्षी यादी हातानं केली होती, तेव्हा चिमाजी दोंद्यांच्या हातून चौदा नावं गाळली गेली. चौदा घरं वर्षभर मंडळाशी बोलत नव्हती. म्हणून यंदा अध्यक्ष कोंडाजी पगारे गुरुजींनी ठराव केला, की यादी कॉम्प्युटरवर करावी आणि देखरेख शेजवळांनी करावी.

सावळीरामांनी तीन आठवडे रोज नाशकातल्या शालिमारजवळच्या एका क्लासात जाऊन अर्ज मोठ्यानं वाचले आणि तिथल्या शिक्षिका लताबाई गांगुर्डे यांनी ते टाइप केले. लताबाई सव्वीस वर्षांच्या, चष्मेवाल्या, आणि सावळीरामांना ‘काका’ म्हणणाऱ्या. यादी झाली. क्लासातल्या मशीनला पोटातली कपाटं नव्हती, जे काही ठेवायचं ते फ्लॉपीवर. रविवारी सकाळी यादी छापून आणायची एवढंच उरलं होतं. पण गुरुवारी दुपारी सावळीराम ताटावरून उठले आणि म्हणाले, “एकच प्रत आहे.”

“काय झालं?” पत्नी वत्सलाबाई म्हणाल्या.

“तीनशे अकरा घरांचं भवितव्य, आणि एकच प्रत! उद्याच नक्कल करून घेतो.”

“लताला सांगा की. ती करील.”

“सांगतोच. पण रुजवात मी घेणार.”

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ते क्लासाचा जिना चढले. मशीनच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं आणि चपला बाहेर काढाव्या लागत. मालक भिकनभाऊ मालेगावकडचे. त्यांचा मूळ धंदा टायपिंग इन्स्टिट्यूटचा. कॉम्प्युटरबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, की तो टाइपरायटरपेक्षा महाग असतो आणि त्याला शाईची पट्टी लागत नाही.

“लताबाई?”

“ताई नई शे. देवळाली कॅम्पात गेल्यात, साहेब लोकांच्या बायकांना शिकवायला. बारापर्यंत येतील.” भिकनभाऊंनी घड्याळ पाहिलं. “पण साडेअकराला लाइट जाणार, भाऊसाहेब. ती दुपारी चारला. कधी कधी तर येतच नई.”

एक तास! आणि एकच प्रत! भिंतीवर लताबाईंच्या सुबक अक्षरातला कागद होता. ‘फ्लॉपीची नक्कल : डॉसची फ्लॉपी घालणे. डिस्ककॉपी ए ए असे टाइप करणे. पुढे पडद्यावर सांगेल तसे करणे.’ शेजारी दुसरा कागद. ‘दोन फ्लॉप्यांची तुलना : डिस्ककॉम्प ए ए.’ तुलना म्हणजे रुजवात. सावळीरामांना हायसं वाटलं. म्हणजे यंत्रालासुद्धा नक्कल विभाग होता.

“मीच करतो,” ते म्हणाले.

“करा की. तुमच्याइतकी नक्कल कोणी केली शे?” भिकनभाऊ म्हणाले. या वाक्यात नंतर कुणालाही चूक काढता आली नाही.

सावळीराम स्टुलावर बसले. बाही दुमडली. यंत्र सुरू करणारी ती डॉसची फ्लॉपी घातली. एका बोटानं, सरकारी वेगानं, डिस्ककॉपी ए ए लिहिलं. यंत्र घुरघुरलं आणि पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या.

आता इथं तुम्हाला कचेरीतली एक गोष्ट सांगायला हवी. कचेरीतला मुरलेला माणूस अर्जातला छापील मजकूर कधीही वाचत नाही. छापील मजकूर सगळ्या अर्जांवर सारखाच असतो. वाचायचं ते हातानं भरलेलं. पडद्यावर तर सगळंच छापील होतं. सावळीरामांनी त्याकडं आदरानं पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसरी गोष्ट अशी, की नक्कल विभागाचा पहिला नियम होता : आधी कोरा कागद टेबलावर, मग मूळ दस्त दप्तराबाहेर. मूळ दस्त क्षणभरही विनाकारण उघडा राहता कामा नये. म्हणून डॉसची फ्लॉपी काढून त्यांनी आधी कोरी घातली. खिट्टी पाडली. बटण दाबलं. यंत्रानं ती कोरी फ्लॉपी मोठ्या मन लावून वाचली, एवढं काय वाचत होतं कोण जाणे, आणि दुसरी मागितली.

सावळीरामांनी दोन्ही हातांनी यादीची फ्लॉपी बाहेर काढली आणि यंत्राला दिली.

यंत्र किंचाळलं.

म्हणजे ‘टूं’ असा आवाज आला, पण त्या थंडगार खोलीत तो एखाद्यानं चिमटा काढल्यासारखा वाटला. पडद्यावर नवीन ओळ आली. सावळीरामांनी भिकनभाऊंकडं पाहिलं. भिकनभाऊ पडद्याजवळ आले, चष्मा नसल्यानं परत लांब गेले.

“काहीतरी प्रोटेक्ट बिटेक्ट म्हणतंय. ती चंदेरी पट्टी नडत असेल. ताई लावतात ती. कुलूप असतं म्हणे.”

“कुलूप!” सावळीरामांचा चेहरा उजळला. “मग बरोबर आहे. सीलबंद दस्ताचं सील उघडल्याशिवाय नक्कल कशी होणार?”

त्यांनी नखानं ती पट्टी हळूच सोडवली. फाडली नाही, चुरगाळली नाही, घड्याळाच्या काचेवर चिकटवून ठेवली. फ्लॉपी परत घातली. बटण दाबलं. यंत्रानं एकदा त्यांच्याकडं पाहिल्यासारखं केलं आणि मग खर्र खर्र खर्र करत कामाला लागलं. चाळीस वेळा खर्र झालं. सावळीराम मोजत होते. अकरा वाजून दहा मिनिटं. घाम पुसायला रुमाल काढावा तर तो गारठलेला.

नक्कल झाली. मग रुजवात. डिस्ककॉम्प ए ए. पुन्हा एक आत, दुसरी बाहेर, पुन्हा खर्र. हा मजकूर मात्र सावळीरामांनी वाचला, कारण रुजवातीचा शेरा वाचायचाच असतो. लिहिलं होतं : कंपेअर ओके.

एका अक्षराचा फरक नाही! सावळीरामांचे डोळे भरून आले. त्यांनी चिकटपट्टी पुन्हा जागच्या जागी लावली, दोन्ही फ्लॉप्या पाकिटात घातल्या, चिठ्ठीवर ‘नक्कल खरी असे’ लिहून तारखेसह सही केली, आणि चिठ्ठी पाकिटाला लावतात तोच लाइट गेली.

त्या दिवशी लाइट चारलाच आली. लताबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चिठ्ठी वाचून हसल्या. “काका, तुम्ही एकट्यानं केलंत? शाब्बास!” त्यांनी पहिली फ्लॉपी घातली आणि डीआयआर, म्हणजे ‘आत काय काय आहे ते दाखव’, असं टाइप केलं.

पडद्यावर आलं : फाइल नॉट फाउंड.

“सापडेल,” सावळीराम समजुतीनं म्हणाले. कचेरीत हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा ऐकत, चार वेळा म्हणत. “नीट बघा. कपाटामागं वगैरे पडलेली असते.”

लताबाईंनी दुसरी घातली. फाइल नॉट फाउंड. त्यांनी पुन्हा पहिली घातली. त्यांचा चेहरा हळूहळू भिंतीच्या रंगाचा झाला.

“काका, आधी कुठली घातली होती?”

“कोरी. नियम आहे.”

“आणि पट्टी?”

“काढली. पण परत लावली!”

लताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “काका, यंत्रानं कोरी फ्लॉपी वाचली आणि ती जशीच्या तशी यादीवर उतरवली.”

“पण रुजवात?” सावळीराम म्हणाले. “रुजवात तर बरोबर आली.”

“रुजवात बरोबरच आहे, काका. दोन्हींवर काहीही नाही.”

एकोणतीस वर्षं, सहा पायांचा डास, आणि आज ही कोऱ्याची कोरी नक्कल, स्वतःच्या सहीनिशी! सावळीरामांना पहिला विचार तीनशे अकरा घरांचा आला नाही, त्या सहीचा आला, आणि त्याची त्यांना ताबडतोब लाज वाटली.

“मूळ अर्ज!” ते उठले. “अर्ज आहेत ना!”

लताबाईंनी भिकनभाऊंकडं पाहिलं. भिकनभाऊंनी छताकडं पाहिलं. दहा दिवसांपूर्वी सावळीरामांनीच उदार मनानं सांगितलं होतं, की यादी यंत्रात गेली, आता कागदाचं काय काम. त्यावर भिकनभाऊंनी अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूवर टायपिंगच्या नव्या तुकडीचा सराव घेतला आणि मग ते शेंगावाल्याला देऊन टाकले.

सावळीराम अनवाणीच जिना उतरले. कोपऱ्यावर शेंगावाला होता. त्यांनी सात पुड्या घेतल्या. चार वर्तमानपत्राच्या निघाल्या. पाचवीत ‘उंची पाच फूट दोन इंच, मनमिळाऊ, अपेक्षा :’ एवढंच उरलं होतं आणि अपेक्षा मिठानं विरघळल्या होत्या. उरलेल्या दोन पुड्यांवर मागच्या बाजूचं ए-एस-डी-एफ होतं. शेंगावाला म्हणाला, “तो गठ्ठा सोमवारीच संपला, साहेब. ह्या तीनच पुड्या उरल्या व्हत्या. कागद चांगला व्हता.”

मग लताबाई टाइप करायला बसल्या आणि सावळीराम आठवायला. तीन आठवडे मोठ्यानं वाचलेलं, ते आठवणार नाही? सगळं आठवलं! पाच फूट तीन, डी.एड., सुस्वभावी. पाच फूट दोन, डी.एड., मनमिळाऊ. गृहकृत्यदक्ष. निर्व्यसनी. गृहकृत्यदक्ष. फक्त कोण कुणाचं ते आठवेना. एकोणचाळीस मुली सारख्याच निघाल्या. एक मुलगा तर गृहकृत्यदक्ष निघाला. साडेसहाला लताबाईंनी हात थांबवले.

“काका, हे नाही व्हायचं. गुरुजींना मी सांगते, माझ्या हातून पुसलं गेलं. मला बोलतील आणि विसरतील.”

“नाही,” सावळीराम म्हणाले. “नकलेवर सही माझी आहे.”

घरी आल्यावर त्यांनी एकट्या वत्सलाबाईंना सांगितलं. शेजारी मात्र त्यांनी ‘एका ओळखीच्याची फ्लॉपी कोरी झाली आहे’ अशा शब्दांत सल्ला विचारला. झुंबर साळवे नोटांच्या प्रेसमध्ये होता आणि प्रेसमधल्या माणसाला जगातलं सगळं ठाऊक असतं, फक्त सांगायची परवानगी नसते. त्यानं फ्लॉपी ट्यूबलाइटसमोर धरली, एक डोळा मिटला.

“अक्षरं आहेत,” तो हळूच म्हणाला. “दबलेली आहेत. यापुढं मला बोलता येत नाही.”

समोरच्या यशोदाबाईंनी सुचवलं, की कॅसेटसारखी मधल्या भोकात पेन्सिल घालून उलटी फिरवावी, पुसलेलं मागं येतं. सावळीरामांनी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी एकवीस वेढे दिलेसुद्धा. “तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला सांगा,” त्या जाता जाता म्हणाल्या, “रविवारी मेळावा आहे, तोपर्यंत काळजी करू नका म्हणावं.”

शनिवारी सकाळी उठता उठता सावळीरामांना आठवलं, की एक कागद अजून आहे! मेळाव्याचं मैदान सरकारी. परवानगीच्या अर्जाला सहभागी लोकांची यादी जोडावी लागते. मंडळानं आठवड्यापूर्वी लताबाईंनी छापलेली कच्ची यादी जोडली होती. आणि अर्ज गेला होता तो त्यांच्याच जुन्या कचेरीत!

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. सावळीराम दहाच्या ठोक्याला आत शिरले. त्यांच्या खुर्चीत आता चंदर निकम बसला होता. चंदरला कोरा कागद कसा धरावा इथपासून त्यांनीच शिकवलेलं. तो तटकन उभा राहिला.

“जयभीम, साहेब! बसा. चहा सांगू?”

“चहा नको, चंदर. मैदानाच्या परवानगीची संचिका तुझ्याकडं आहे ना? तिला एक यादी जोडली आहे.”

“आहे ना. ही काय.” चंदरनं कपाटातून संचिका काढली. लाल फितीतून हिरव्या रेघांच्या कागदाची कड बाहेर डोकावत होती. तीनशे अकरा माणसं! सावळीरामांचा हात आपोआप पुढं झाला.

चंदरनं संचिका छातीशी धरली.

“नक्कल पाहिजे, साहेब?”

“हो. म्हणजे नुसती पाहिली तरी चालेल.”

“मग अर्ज करा. सात दिवस.” चंदरच्या चेहऱ्यावर प्रेम ओसंडत होतं. “तातडीचा केलात तर तीन.”

“चंदर, मेळावा उद्या आहे.”

“साहेब, तुम्हीच शिकवलंत. साक्षात बाप समोर आला तरी अर्जाशिवाय पान दाखवायचं नाही. माझे वडील एकदा सातबारा बघायला आले होते, मी परत पाठवले. सहा महिने बोलत नव्हते. मला वाटलं, शेजवळ साहेबांना कळलं तर किती बरं वाटेल.”

सावळीरामांना बरं वाटलं नाही. पण चंदरच्या म्हणण्यात त्यांना एकही खोट सापडेना. एकोणतीस वर्षं ज्या वाक्यानं त्यांनी लोकांना घरी पाठवलं, ते वाक्य आज त्यांना घरी पाठवत होतं. त्यांनी अर्ज लिहिला. चंदरनं तो तपासला. पिनकोड राहिला होता, तो घालायला लावला, शिक्का मारला.

“येत्या शनिवारी या, साहेब. उभ्यानंच मिळेल.”

बाराला घरी पोचले तर दारात चपलांचे दोन जोड. आत एक नऊवारीतली बाई वत्सलाबाईंसमोर बसली होती, जवळ कांद्याची गोणी, आणि पलीकडं पांढऱ्या साडीतली एक सावळी, उंच मुलगी.

“ह्या चांदवडच्या मालनबाई,” वत्सलाबाईंनी सांगितलं आणि पटकन स्वयंपाकघरात गेल्या. मालनबाईंचं घर मागल्या वर्षीच्या चौदांतलं होतं, हे सावळीरामांना सांगावं लागलं नाही.

“जयभीम साहेब. ही माझी नवसा. नर्स हाय सरकारी दवाखान्यात.” मालनबाईंनी श्वास घेतला. “मागल्या खेपेला आमी दिसभर बसून राह्यलो. येका येकाला हाक मारत व्हते. आत्ता येईल, मंग येईल. मांडव सोडाया लागले तरी हिचं नाव नाय. म्हनून यंदा येक दिस आधी आलो. आमचं नाव हाय ना यादीत?”

मुलगी खाली पाहत होती. तिनं हाताच्या मुठी आवळल्या होत्या. तिला उत्तराची भीती वाटत होती, हे सावळीरामांना दिसलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते मुळात नसलेलं बोलले.

“आहे,” ते म्हणाले. “पहिलंच आहे.”

मालनबाईंनी हात जोडले. त्या रात्री दोघी मायलेकी मुक्कामाला राहिल्या. सावळीरामांना जेवण गेलं नाही. कांदे मात्र उत्तम होते, असं वत्सलाबाई नंतर म्हणत.

संध्याकाळी पगारे गुरुजी तपासायला येऊन गेले. “दोन प्रती तयार, शेजवळ?”

“तयार, गुरुजी.”

“रुजवात?”

“एका अक्षराचा फरक नाही.”

गुरुजींनी दोन्ही फ्लॉप्या समाधानानं पिशवीत घातल्या. “उद्या व्यासपीठावर ठेवू. समाजाला विज्ञान दिसलं पाहिजे. यंत्रात यादी आहेच, ती लताबाई छापून आणतील.” सावळीरामांनी तोंड उघडलं. पण हॉलमधून मालनबाई कौतुकानं बघत होत्या, ते पुन्हा मिटलं.

रविवारी दहाला मांडवात दीड हजार माणूस. पेठेकडून, कॅम्पातून, चांदवडातून लोक आलेले. पुढच्या रांगांत मुलं, पलीकडं मुली, प्रत्येकाच्या मांडीवर रुमाल नाहीतर पर्स घट्ट धरलेली. व्यासपीठावर स्वच्छ पांढऱ्या कापडावर दोन फ्लॉप्या. लताबाई रिकाम्या हातांनी येऊन शेवटच्या खुर्चीत बसल्या. सावळीरामांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. पहाटेपासून मशीनजवळ बसून, आठवेल तेवढं टाइप करूनही, यादी झाली नव्हती.

गुरुजींनी वंदना झाल्यावर पंधरा मिनिटं विज्ञानावर भाषण केलं. मग एक फ्लॉपी उचलून सगळ्यांना दाखवली. “बंधूभगिनींनो, तुमची तीनशे अकरा लेकरं या एवढ्याशा चकतीत सुखरूप आहेत!” टाळ्यांचा कडकडाट. “शेजवळ, या. पहिलं नाव पुकारा.”

व्यासपीठाच्या पायऱ्या चार होत्या. सावळीरामांना त्या चढायला किती वेळ लागला ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा फेकतो. पण दुसऱ्या पायरीवर असताना एक माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन आला, हे खरं आहे.

त्यांनी माइक धरला. माइक शिट्टी वाजवून गप्प झाला.

“मी सावळीराम शेजवळ,” ते म्हणाले. “या फ्लॉपीत काही नाही. दुसरीतही नाही. लताबाईंनी यादी बिनचूक केली होती. मी नक्कल करायला गेलो आणि पुसली. अर्जही माझ्यामुळंच गेले. माझ्याकडं एकही नाव नाही.”

गुरुजींच्या हातातली फ्लॉपी हवेतच राहिली. मग मागून कुणीतरी ओरडलं, “मग आम्ही पहाटे चारच्या गाडीनं कशाला आलो?” आणि सगळा मांडव उठला. बाप उठले, मामा उठले, खुर्च्या पडल्या. “मागल्या वर्षी चौदा, यंदा सगळेच!” “मंडळ बरखास्त करा!” चिमाजी दोंदे हात वर करून सांगत होते, की त्यांच्या हातून निदान चौदाच गेली होती. सावळीराम माइक धरून उभेच होते. खाली उतरायचं त्यांना सुचलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून मालनबाईंचा खणखणीत आवाज आला. “आरं गप बसा की! आमचा पयला नंबर हाय. साहेबांनी काल सोता सांगितलाय. नवसा, जा वर.”

“आई, यादीच नाहीये.”

“यादी नाय, तू हायेस ना? का तू बी पुसली गेली? जा!”

नवसा आली. चार पायऱ्या तिनं दोन ढांगांत चढल्या. सावळीरामांनी तिच्या हाती माइक दिला. गोंगाट थोडा उतरला, कारण आजवर मेळाव्यात मुलगी नुसती उभी राहायची आणि वाचणारा दुसराच असायचा. मुलगी बोलताना लोकांनी ऐकली नव्हती.

“मी नवसा,” ती म्हणाली. “चांदवड तालुक्यात नर्स आहे. सात गावं सायकलवर फिरते. रात्री-अपरात्री बोलावणं येतं, तेव्हा जाते. ज्याला चालत असेल त्यानंच विचारावं. सायकल मी सोडणार नाही.”

आणि ती उतरली. टाळ्या नाहीत, ओरडा नाही. मग मुलांच्या रांगेतून एक धिप्पाड गडी उठून परवानगी न विचारता वर आला. “मी देवळालीत तोफखान्यात आहे. तोफेमुळं डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजव्या बाजूला बसणारी पाहिजे.” मांडव हसला. त्याच्यामागं एक शिक्षक. “माझ्या अर्जात वडिलांनी उंची पाच सहा लिहिली होती. मी पाच चार आहे. शेजवळ काकांनी पुसली ते बरं झालं.” त्याच्यामागं एक किरकोळ मुलगी : “माझ्या अर्जात गृहकृत्यदक्ष होतं. मला चहासुद्धा जमत नाही. मी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.” तिचे वडील उभे राहिले, सगळ्यांनी पाहिलं तेव्हा खाली बसले.

मग व्यासपीठापाशी रांग लागली. दुपारचं जेवण तीनला झालं. सावळीराम पायऱ्यांपाशी उभं राहून माइकची वायर कुणाच्या पायात येऊ नये एवढंच बघत होते. त्या दिवशी त्यांनी एवढंच काम केलं, आणि ते अजिबात चुकलं नाही.

साडेपाचला गुरुजी त्यांच्याजवळ आले. घसा बसलेला, टोपी वाकडी.

“शेजवळ, तुमच्या निषेधाचा ठराव आणावा लागणार.”

“आणा, गुरुजी.”

“शब्द सौम्य ठेवीन,” गुरुजी म्हणाले आणि तोफखान्यातल्या गड्याचा पत्ता विचारणाऱ्या तीन बापांकडं वळले.

मांडव सुटू लागला होता. मालनबाई रिकामी गोणी काखेत मारून आल्या. मागं नवसा कुणाशी तरी बोलत उभी होती. ती तोफखान्यातल्या गड्याच्या उजव्या हाताला होती.

“साहेब, चार जनांनी इचारलं,” मालनबाई हळूच म्हणाल्या. “चार! आन हा पाचवा.”

“मालनबाई, मी काल तुम्हाला खोटं सांगितलं. यादीत तुमचं नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं.”

“ते कळलं मला. आमी काय येडे हाय व्हय?” त्यांनी पदर सावरला, आजूबाजूला पाहिलं. “फुडल्या सालीबी पुसनार ना?”

सावळीराम माइकची वायर गुंडाळू लागले.

“पुसा, पुसा. पन माझी धाकटी बी हाय. तिचा नंबर पयला धरा.”

“धरला,” सावळीराम म्हणाले.